खुर्च्यांच्या गावात पोरांची पाठ कोण बघतं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वाकडच्या पुलावर अडकला असाल आणि गाडी दुसरं कोणी चालवत असेल, तर तेवढ्यात वाचून होईल.

लेकीला विचारून लिहितेय. तिने आधी वाचलं, दोन वाक्यं खोडली आणि फोटो टाकायचा नाही असं बजावलं. शाळेचं नाव लिहिणार नाही, हॉस्पिटलचंही नाही. प्रश्न एका शाळेचा असता तर केबिनमध्ये जाऊन भांडले असते आणि मोकळी झाले असते. प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या मुलीच्या पाठीचा कणा वाकतोय हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं नाही. शाळेनेही नाही. आणि आई असून मलाही ते दिसलं नाही. दिसलं ते गावठाणात शिलाई मशीन घेऊन बसणाऱ्या ताईंना. नवरात्रासाठी घागरा शिवायला टाकला होता. दोनदा उसवून शिवला तरी खालची किनार एका बाजूला दोन बोटं वरच. शेवटी ताईंनी टेप गळ्यात टाकली, लेकीला पाठमोरी उभी केली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, घागरा सरळच कापलाय. पोरीचा एक खांदा वर आहे, कंबरपण सरकलीय. एकदा दाखवून घ्या."

दाखवलं. एक्स-रे निघाला. चौतीस अंश. तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

त्याच्या दोनच महिने आधी शाळेत आरोग्य तपासणी झाली होती, फीमध्ये पैसे लावून. उंची, वजन, डोळे, दात, कान. कार्डाच्या तळाशी शेरा होता : सामान्य. खाली पालकांची सही होती. म्हणजे माझी.

या आजाराचं नाव स्कोलिओसिस. कणा मागून पाहिला तर सरळ रेषेत दिसायला हवा. तो बाजूला वळतो आणि वळताना स्वतःभोवती पिळतोही. एक्स-रेवर मोजलेलं वळण दहा अंश किंवा जास्त असलं की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. जगभरातल्या अभ्यासांत किशोरवयीन मुलांमध्ये त्याचं प्रमाण साधारण २ ते ३ टक्के सापडतं. म्हणजे हजार मुलांच्या शाळेत वीस-तीस जण. घाबरू नका, यातल्या बहुतेकांचं वळण छोटं असतं, नुसतं लक्ष ठेवावं लागतं. ब्रेस लागेल अशी मुलं हजारात मोजकीच. पण मोठ्या वळणांमध्ये मुलींची संख्या मुलांच्या कित्येक पट असते. आणि वळण सर्वात वेगाने वाढतं ते उंची झपाट्याने वाढते त्या दोन-तीन वर्षांत. मुलींमध्ये ही वर्षं पाळी सुरू होण्याच्या आगेमागे येतात.

आता हे वय आठवा. याच वयात मुलं आंघोळीचं दार आतून लावून घेतात. ढगळ टीशर्ट घालायला लागतात. आईसमोरसुद्धा कपडे बदलत नाहीत, आणि ते योग्यच आहे. बाळ असताना आपण त्यांच्या अंगावरचा प्रत्येक तीळ ओळखत होतो. बारा-तेराव्या वर्षी त्यांची पाठ घरात कोणालाच दिसत नाही. आणि कणा वाकायला लागतो तो नेमका तेव्हा. बरं, या वयात बहुतेकांना फारसं दुखतही नाही. दुखलं असतं तर पोरगी बोलली असती. म्हणजे घरी दिसत नाही आणि मुलांना जाणवत नाही. मग बघणारं तिसरं कोणीतरी लागतं. ते तिसरं कोणी हिंजवडीत नाही, हे माझं म्हणणं.

गंमत बघा. राजीव गांधी आयटी पार्क म्हणजे पाठींचं गाव आहे. माझ्या ऑफिसात खुर्चीच्या पाठीला चार खटके आहेत. वर्षातून दोनदा फिजिओथेरपिस्ट येऊन 'मॉनिटर डोळ्यांच्या रेषेत ठेवा' सांगून जातात. फेज वनपासून फेज थ्रीपर्यंत आमच्यासारख्यांच्या कंबरेवर कंपन्या पैसे घालतात, कारण आमची कंबर गेली की प्रोजेक्ट अडतं. पोरांच्या पाठीवर कोणाचंच काही अडत नाही.

नाही म्हणायला पोरांच्या पाठीबद्दल आपण एक गोष्ट मात्र जोरात बोलतो : दप्तराचं ओझं. प्रकरण हायकोर्टात गेलं. जुलै २०१५ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला, की दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको. २०२० मध्ये केंद्राचं दप्तर धोरण आलं, त्यातही तोच आकडा. मी विरोधात नाही. दप्तर हलकं हवंच, जड दप्तराने पाठ आणि खांदे दुखतात. पण लेकीचा एक्स-रे आल्यावर सोसायटीत पहिलं वाक्य ऐकू आलं ते हे : "दप्तरामुळे झालं असणार." दुसरं : "मोबाईल घेऊन वाकडीतिकडी बसते ना." तिसरं तिच्या तोंडावर : "सांगत होते ना, सरळ बस!"

नाही हो. दप्तराने हा स्कोलिओसिस होत नाही. वाकडं बसल्याने होत नाही, मोबाईलने होत नाही. दहातल्या साधारण आठ मुलांमध्ये नेमकं कारण सापडतच नाही. कुटुंबात कोणाला असेल तर शक्यता वाढते, एवढं माहीत आहे. पण दप्तर हा आपल्याला आवडणारा आरोपी आहे. ते वजनकाट्यावर ठेवलं, फोटो काढला, बातमी झाली, काम संपलं. दहा वर्षं आपण दप्तरं मोजली. दप्तर ज्या पाठीवर लटकतं ती पाठ एकदाही पाहिली नाही. वर दोष कोणाचा? पोरीचा. कारण ती सरळ बसली नाही.

आता जीवनमानाबद्दल. डॉक्टर कोन मोजतात, तो मोजायलाच हवा. पण पोरीचं आयुष्य अंशांत मोजता येत नाही. हे मी आई म्हणून भावनेच्या भरात बोलत नाहीये. या आजारासाठी बावीस प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. त्यात दुखणं आणि हालचाल यांच्या बरोबरीने स्वतःच्या रूपाबद्दल काय वाटतं आणि मन कसं आहे, हेही विचारतात. कोन आणि त्या उत्तरांचा मेळ फारसा बसत नाही, असं पुन्हा पुन्हा दिसलंय. वीस अंशांची मुलगी खोलीतून बाहेर पडत नाही आणि चाळीस अंशांची गॅदरिंगमध्ये नाचते, असं होऊ शकतं. फरक बऱ्याचदा आजूबाजूच्या माणसांनी पडतो.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. ब्रेस म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारा कमरेचा पट्टा नव्हे. काखेपासून कुल्ल्यापर्यंत कडक प्लास्टिकचं कवच, प्रत्येक मुलीच्या मापाचं वेगळं. तिला रोज अठरा तास घालायला सांगितलंय. आत सुती बनियन, तरी एप्रिल-मेमध्ये कातडी लाल होते. खाली पडलेलं पेन उचलायला गुडघ्यांत बसावं लागतं. पोटभर जेवलं की दाबतं, म्हणून डबा अर्धा परत येतो. गणवेश दोन नंबर मोठा. मागच्या बाकावरच्या मुलाने पाठीवर टकटक केलं, "कोण आहे घरात?" वर्ग हसला. लेकपण हसली. घरी येऊन रडली. (हे वाक्य ठेवू का म्हणून विचारलं. "ठेव" म्हणाली.)

टकटक करणाऱ्या मुलावर माझा राग नाही, तो तेरा वर्षांचा आहे. राग मोठ्यांवर आहे. पीटीच्या तासाला तिला 'काळजीपोटी' बाकावर बसवण्यात आलं. खेळू शकते असं डॉक्टरांचं पत्र होतं, खेळताना ब्रेस काढायची मुभा होती. पण तो काढायला-घालायला एक बंद खोली लागते, दहा मिनिटं लागतात आणि एक बाई मदतीला लागतात. एवढी व्यवस्था करण्यापेक्षा मुलीला बसवून ठेवणं सोपं. स्नेहसंमेलनात ती शेवटच्या रांगेत, "म्हणजे दिसणार नाही". कोणाला दिसणार नाही? काय दिसणार नाही?

आणि खर्च. ब्रेस आमच्या ग्रुप इन्शुरन्समध्ये बसला नाही, कारण 'ऍडमिशन नाही'. ऑपरेशन झालं असतं तर बसलं असतं. सरकारी जन आरोग्य योजनेचा साचाही मुख्यतः दाखल होणाऱ्या रुग्णासाठीच आहे. म्हणजे ऑपरेशन टाळणाऱ्या गोष्टीला पैसे नाहीत, ऑपरेशनला आहेत. याला शहाणपण म्हणायचं का?

मला परवडलं. आता दुसऱ्या मुलीबद्दल वाचा.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी ब्रेस पाहिला आणि म्हणाल्या, "आमच्या थोरलीची पाठपण अशीच आहे, पण ती वाढीला लागलीय म्हणून असेल." पंधरा वर्षांची पोर, सरकारी शाळा. एक्स-रेत अठ्ठावन्न अंश. वाढ जवळजवळ संपलेली. डॉक्टरांनी ब्रेसचं नावही काढलं नाही, कारण ब्रेसचा उपयोग वाढ शिल्लक असेपर्यंतच. पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे शस्त्रक्रियेचाच विषय निघतो, कारण तेवढं मोठं वळण वाढ संपल्यावरही हळूहळू वाढत राहतं. आता मावशी कामाचे खाडे करून कागद गोळा करतायत आणि पोर विचारतेय दहावीचं वर्ष बुडेल का.

एकीच्या शाळेची फी लाखात, दुसरीची शाळा फुकट. एकीचं कार्ड गुळगुळीत छापलेलं, दुसरीचं सरकारी. पाठ दोघींचीही कोणी बघितली नाही. समानता आली म्हणायची ती इथे.

सरकारी शाळांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची देशभरातली सुरुवात आपल्याच महाराष्ट्रातून, पालघरमधून झाली, फेब्रुवारी २०१३ मध्ये. शून्य ते अठरा वयाची मुलं, डॉक्टरांची फिरती पथकं, शाळेत वर्षातून एक फेरी. चांगली योजना आहे, हृदयाला छिद्र असलेली कितीतरी मुलं तिने शोधली. पण तिच्या तीस आजारांच्या मूळ यादीत जन्मजात व्यंगं आहेत, दात आहेत, कान आहेत, त्वचा आहे. किशोरवयात वाकणारा कणा नाही. यादीत नाही म्हणून फॉर्मवर नाही, फॉर्मवर नाही म्हणून नजरेत नाही. आणि ही पथकं मुळात सरकारी व अनुदानित शाळांसाठी. हिंजवडी, माण, मारुंजीच्या टॉवरमधली निम्मीअधिक पोरं ज्या खासगी इंग्रजी शाळांत जातात, तिथे तपासणी म्हणजे शाळेने ठरवलेलं पॅकेज.

यावर एक जाणता आक्षेप येईल, तो मीच मांडते. अमेरिकेत अशा तपासण्यांचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये सरसकट तपासणी नको म्हटलं होतं. कारणं खोटी नव्हती : नाहक एक्स-रे, नाहक भीती, आणि तेव्हा ब्रेसचा ठोस पुरावा नव्हता. पण २०१३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांचं वळण वाढ संपेपर्यंत शस्त्रक्रियेच्या उंबरठ्याच्या, म्हणजे पन्नास अंशांच्या, आत राहिलं. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के. रोज सरासरी तेरा तासांच्या आसपास किंवा जास्त ब्रेस घालणाऱ्यांत यश नव्वद टक्क्यांच्या घरात. फायदा इतका उघड दिसला की अभ्यास मुदतीआधी थांबवला. आणि ब्रेस घातलेल्या व न घातलेल्या मुलांच्या जीवनमानाच्या गुणांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१८ मध्ये त्याच तज्ज्ञगटाने 'नको' मागे घेऊन 'पुरावा अपुरा' असं म्हटलं. म्हणजे आजही ते 'करा' म्हणत नाहीत, हे मी लपवत नाही. पण जपानमध्ये शाळांत पाठ तपासतात, १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून. हाँगकाँगमध्ये १९९५ पासून. आणि जिथे मूल दरवर्षी डॉक्टरांकडे नियमित तपासणीला जातं, तिथे शाळेने बघितलं नाही तरी दुसरं कोणी बघण्याची शक्यता आहे. आपल्याकडे लशी संपल्या की मूल डॉक्टरकडे जातं ते ताप आल्यावर. डॉक्टर घसा बघतात. शर्ट कोण वर करतं?

आता दुसरं, जास्त कडू. "कोणाला सांगू नकोस, पुढे लग्नाला अडचण येईल." हे मला तीन जवळच्या बायकांनी सांगितलं, प्रेमानेच. म्हणून लिहिते. अमेरिकेतल्या आयोवामध्ये उपचार न घेतलेल्या स्कोलिओसिसच्या रुग्णांचा पन्नास वर्षं मागोवा घेतला, २००३ मध्ये तो छापून आला. पाठदुखी जास्त होती, दिसण्याची खंतही होती. पण ही माणसं कामंधंदे करत होती, संसार करत होती. युसेन बोल्टला स्कोलिओसिस आहे, आणि त्याच्याहून वेगाने शंभर मीटर अजून कोणी धावलेलं नाही. ब्रिटनच्या राजघराण्यातल्या युजीनी यांची बाराव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली होती. २०१८ मध्ये त्यांनी लग्नात मागून खोल गळ्याचा पोशाख मुद्दाम घातला, व्रण जगाला दिसावा म्हणून. आणि आपण तेरा वर्षांच्या पोरीला सांगतो, झाकून ठेव. झाकून ठेवल्याने लग्न जमत नाही, चौतीसाचे अठ्ठावन्न होतात.

तिसरं. 'मसाज करून कणा सरळ करून देतो', 'बारला लटकवा', 'एका झटक्यात मणका बसवतो' असे निरोप मला आतापर्यंत ढिगाने आलेत. व्यायाम जरूर करा, पण हा आजार जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. झटके देणाऱ्याकडे घालवलेले सहा महिने म्हणजे वाढीचे सहा महिने. ते परत मिळत नाहीत.

तर मागणी काय? फार मोठी नाही.

१) शाळेच्या आरोग्य कार्डावर एक ओळ वाढवा : पाठीचा कणा. मुलींची तपासणी दहाव्या आणि बाराव्या वर्षी, मुलांची तेरा-चौदाव्या वर्षी एकदा. अमेरिकेतल्या अस्थिरोग आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी हेच वेळापत्रक सुचवलंय. मूल पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळहात जोडून पुढे वाकतं. मागून बघायचं, पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते का. मिनिटसुद्धा लागत नाही. ही पद्धत १८६५ मध्ये ॲडम्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने सांगितली. तिला वीज लागत नाही, सर्व्हर लागत नाही.

२) तपासणी बंद खोलीत, मुलींची बाईंकडूनच, एकावेळी एक. निकाल पालकांच्या हातात, वर्गात जाहीर नाही. शंका आली म्हणजे आजार झाला असं नाही, हे आधीच समजावून सांगा. एक्स-रे काढायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील.

३) ब्रेस घालणाऱ्या मुलाला शाळेत कपडे बदलायला खोली, खेळाचा तास आणि नाचात उंचीप्रमाणे जागा. उपकार म्हणून नाही.

४) माण, मारुंजी, हिंजवडी : येत्या ग्रामसभेत ठराव मांडूया, की बाल स्वास्थ्यच्या पथकाने मुळशी तालुक्यात कणाही बघावा. यादीत नाही म्हणून बघायला बंदी नाही.

५) आयटी पार्कमधल्या कंपन्यांनो, कायद्याने नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला द्यायचे असतात. झाडं लावा, भिंती रंगवा. पण शाळांतल्या नर्स आणि पीटीच्या शिक्षकांना एक दिवसाचं प्रशिक्षण द्या आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्या ब्रेसचा खर्च उचला. आमच्या खुर्च्यांपेक्षा स्वस्त पडेल.

'रस्ते नाहीत, पाणी टँकरचं, आणि ही बाई कणा घेऊन बसलीय' असं म्हणणारे कमेंटमध्ये येतीलच. रस्ता यंदा नाही झाला तर पुढच्या वर्षी होईल म्हणत आपण वर्षानुवर्षं काढली. पोरीची वाढ पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही.

हा मजकूर आपापल्या शाळेच्या पालक ग्रुपवर टाका. माझं नाव नसलं तरी चालेल. आणि आज रात्री मुलांना विचारून, त्यांची लाज सांभाळून, एकदा पुढे वाकायला सांगा. खांदे बघा, कंबर बघा. बहुतेकांचं सगळं ठीकच निघेल, मग निवांत झोपा.

दिवाळीला मी शिलाईवाल्या ताईंकडे फराळ घेऊन गेले होते. त्या ओशाळल्या, म्हणाल्या, "मी काय केलं? कापड खोटं बोलत नाही, एवढंच." मग आरोग्य कार्ड कसं खोटं बोललं, याचं उत्तर मला येत्या पालकसभेत हवंय. तुम्हीही विचारा.